ध्वनिरोधक भिंतींची सौंदर्यरचना

फ्रीवेवरच्या वाहनांचा गोंगाट लगतच्या वस्तीला छळू नये म्हणून रस्त्याकडेने जी सलग भिंत उभारतात, ती ध्वनिरोधक भिंत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी पहिली भिंत मिलपिटास येथे आंतरराज्य महामार्ग ६८० लगत १९६८ साली उभी राहिली.

भिंत आवाज पुरता गिळत नाही. माथ्यावरून वळून तो पलीकडे उतरतोच. पण भिंतीच्या पाठीशी ध्वनीची सावली पडते, म्हणजे तेवढ्या भागात आवाज कमी पोचतो. गाडी नजरेआड होण्याइतकी उंची असली की आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो, पुढे वाढत्या उंचीच्या दर मीटरमागे साधारण दीड डेसिबल. मध्ये फट चालत नाही. म्हणजे भिंत उंच हवी, लांब हवी, सलग हवी, आणि डोळ्यांना खुपते ते नेमके हेच. तिचे रूप आराखड्याच्या वेळीच ठरायला हवे. मागाहून डकवलेली नक्षी केविलवाणी दिसते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नने हे मनावर घेतले. विमानतळावरून शहरात शिरताना फ्लेमिंग्टनजवळ सिटीलिंक मार्ग लंबवर्तुळाकार पोलादी नळीतून जातो. वास्तुरचना डेंटन कॉर्कर मार्शल या संस्थेची. शेजारी सरकारी घरांचे उंच टॉवर आहेत. साध्या भिंतीची ध्वनिसावली वरच्या मजल्यांपर्यंत पोचली नसती, म्हणून रस्त्याभोवतीच नळी घातली. उड्डाणपुलांना खेटून घरे असलेल्या मुंबईकराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

शहराच्या उत्तरेस २००५ मध्ये खुल्या झालेल्या क्रेगीबर्न बायपासवरचे काम मला त्याहून सरस वाटते. टोनकिन झुलायखा ग्रीअर हे वास्तुरचनाकार, टेलर कलिटी लेथलीन हे भूदृश्यरचनाकार आणि कलावंत रॉबर्ट ओवेन यांनी ते मिळून केले. इथली पोलादी भिंत पडद्यासारखी वळणे घेत जाते. या पोलादावर गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. रंगकाम लागत नाही. पुढे ही भिंतच पादचारी पुलाशी एकजीव होते.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा चालक सेकंदाला २८ मीटर मागे टाकतो. बारीक नक्षी त्याला दिसतच नाही. मोठे आकार आणि संथ लय हवी. ॲरिझोनात स्कॉट्सडेलच्या पिमा फ्रीवेवर कॅरोलिन ब्राक्स्मा यांनी अवाढव्य सरडे आणि निवडुंग कोरले ते म्हणूनच.

घरातला माणूस मात्र भिंतीची दुसरी बाजू वर्षानुवर्षे बघतो, आणि बहुतेक ठिकाणी ती कोरी, करडी असते. हा अन्यायच आहे. भिंत घरापासून तिच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर असावी, असा संकेत आहे. तेवढी जागा नसली की अंगणातले ऊन जाते. मग वरचा भाग पारदर्शक ॲक्रिलिकचा करतात. त्यावर पक्षी आपटून मरतात, म्हणून त्यावर जवळजवळ उभ्या रेघा काढाव्या लागतात.