पर्यावरणीय आघात मूल्यांकन : गुणवत्ता आणि परिणामकारकता

खाण, धरण, विमानतळ, रसायन कारखाना किंवा मोठी वसाहत उभी राहण्याआधी तिचे हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी आणि माणसांच्या उपजीविकेवर काय परिणाम होतील हे तपासणे आणि त्या आधारे परवानगीचा निर्णय घेणे, या प्रक्रियेला पर्यावरणीय आघात मूल्यांकन किंवा ईआयए म्हणतात. तिच्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. अहवाल आणि त्यामागचे काम किती भरवशाचे आहे, हा गुणवत्तेचा प्रश्न. त्यामुळे निर्णयात किंवा प्रत्यक्ष कामात काही बदलले का, हा परिणामकारकतेचा. उत्तम अहवाल कपाटात पडून राहू शकतो. वाईट अहवालावर बेतलेला निर्णय चांगला निघाला, तर ती नशिबाची गोष्ट असते.

अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने या पद्धतीला कायदेशीर रूप दिले. भारतात १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा घेणारी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. तिच्यात चार टप्पे आहेत : चाळणी, संदर्भ अटी, जनसहभाग आणि छाननी. ‘अ’ गटातले प्रकल्प केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, तर ‘ब’ गटातले राज्याच्या प्राधिकरणाकडे म्हणजे ‘सिया’कडे. ‘ब’मधल्या ‘ब-२’ या उपगटात बसलेल्या प्रकल्पाला ईआयए अहवालच लागत नाही.

चाळणी आणि संदर्भ अटी

प्रकल्प कोणत्या गटात बसतो हे बहुतेक वेळा आकारावरून ठरते, म्हणून आकाराशी खेळ करण्याचा मोह इथेच होतो. बांधकामाला २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून मंजुरी लागते. तेव्हा एकच वसाहत दोन-तीन नावांनी, वेगवेगळ्या अर्जांत दाखवली जाते. पाच हेक्टरखालच्या गौण खनिजांच्या (वाळू, दगड वगैरे) खाणपट्ट्यांना पूर्वी मंजुरी लागत नसे आणि त्यामुळे मोठ्या पट्ट्यांचे तुकडे पडत. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा छोट्या पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली.

अहवालाने नेमके कोणते प्रश्न सोडवायचे, हे संदर्भ अटी सांगतात. ज्या प्रश्नाची अट नाही, त्याचे उत्तर अहवालात येत नाही. प्रकल्पधारकाने ‘फॉर्म १’ या अर्जात दिलेल्या माहितीवरून या अटी ठरतात, म्हणून तो फॉर्म खोटा किंवा अपुरा असेल तर पुढचा सगळा डोलारा वाकडा उभा राहतो. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळाचे प्रकरण याचे ठसठशीत उदाहरण आहे. राखीव वने, तोडावी लागणारी सुमारे ५४ हजार झाडे, आणि १५ किलोमीटरच्या टापूतील, शेजारच्या सिंधुदुर्गातलीही, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती फॉर्ममध्ये नीट दिलेली नव्हती. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली आणि अहवालांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली. अटींच्या देखरेखीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला नेमण्यात आले. वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवल्यास मंजुरी रद्द करण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे, पण ती क्वचितच वापरली जाते.

२०१५ मध्ये मंत्रालयाने उद्योगनिहाय प्रमाणित संदर्भ अटी प्रसिद्ध केल्या. वेळ वाचला. मात्र विदर्भातल्या आणि कोकणातल्या खाणीला जवळपास तीच प्रश्नावली मिळू लागली. स्थानिक प्रश्नांची भर घालण्याचा अधिकार समितीला आहे आणि तो तिने वापरला की नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तातून पाच मिनिटांत कळते.

मूळ स्थितीच्या नोंदी

गुणवत्तेचा खरा कस इथे लागतो. प्रकल्पाआधीची स्थिती साधारणपणे १० किलोमीटर त्रिज्येच्या टापूत, पावसाळा सोडून एका ऋतूत, म्हणजे बारा आठवडे नोंदवतात. हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा २४ तास घेतले जातात, म्हणजे एका केंद्रावर २४ नोंदी होतात. केंद्रे किती असावीत यापेक्षा ती कुठे असावीत हे महत्त्वाचे असते. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला, सर्वांत जवळच्या वस्तीत आणि शाळेजवळ केंद्र नसेल, तर दहा केंद्रेही उपयोगाची नाहीत.

‘पावसाळा सोडून’ ही सवलत कोकण आणि गोव्यात अहवालाला आंधळे करते. जांभ्या कातळाचे सडे, म्हणजे उघडी पठारे, मार्च ते मे या काळात काळे, तापलेले आणि उजाड दिसतात. त्या काळातला अहवाल त्यांची नोंद सरळ ‘पडीक जमीन’ अशी करतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर याच सड्यावर दीपकाडी फुलते. पुढच्या आठवड्यांत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू आणि गवतांच्या प्रदेशनिष्ठ जाती उगवतात, डबक्यांत बेडकांची वीण होते आणि पाय नसलेले देवगांडूळ दगडांखाली सापडतात. सड्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना येते आणि वाडीची नळयोजना, भातशेती व आंब्याच्या बागा त्यावर चालतात. उन्हाळ्यात काढलेल्या पाण्याच्या चार नमुन्यांतून हे नाते दिसणे शक्य नाही. सड्यांवर कातळशिल्पेही आहेत. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, तरी अहवालातला सांस्कृतिक वारशाचा भाग बहुधा देवळांच्या यादीवर थांबतो. कोकणातल्या प्रकल्पाला जून ते सप्टेंबरची पाहणी सक्तीची असायला हवी. त्याने होणारा उशीर जेमतेम चार महिन्यांचा आहे.

खोट्या किंवा उसन्या आकड्यांची लक्षणे अनुभवी वाचकाला ओळखता येतात. पाण्याच्या तपासणीत धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभार धरून मोजण्याच्या एककात, काढावी. खऱ्या पृथक्करणात दोन्ही बेरजा थोड्या फरकाने जुळतात, बनावट तक्त्यात त्या कोसो दूर असतात. विरघळलेले एकूण क्षार आणि विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर साधारण ०.५५ ते ०.७ दरम्यान असते. प्रत्येक नमुन्यात ते हुबेहूब एकच येत असेल, तर एक आकडा दुसऱ्यावरून गणिताने काढलेला आहे. हवेच्या नोंदींत सगळ्या केंद्रांचे आकडे अरुंद पट्ट्यात असणे, अवकाळी पावसाच्या दिवशीही धूळ तेवढीच असणे, आणि पथकाकडे असलेल्या यंत्रांपेक्षा जास्त केंद्रांवर एकाच दिवशी मोजणी दाखवलेली असणे, या गोष्टी तपासाव्यात. वनस्पती-प्राण्यांच्या यादीत तारीख, ठिकाण आणि पाहणीची पद्धत नसेल, तर ती यादी वनखात्याच्या जुन्या आराखड्यातून उचललेली असण्याची दाट शक्यता असते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगले नोंदवलेली आढळली होती. तो मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून आलेला होता.

अहवाल तयार करणाऱ्या संस्थेला क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या ‘नॅबेट’ मंडळाची मान्यता लागते आणि बारा विषयक्षेत्रांसाठी तज्ज्ञ दाखवावे लागतात. यामुळे अहवालांचा साचा सुधारला. पण सल्लागाराची निवड प्रकल्पधारक करतो आणि फीही तोच देतो. ‘हा प्रकल्प इथे नको’ असे लिहिणाऱ्याला पुढचे काम मिळण्याची शक्यता कमी, आणि मान्यतेच्या कोणत्याही नियमाने हा हितसंबंध सुटत नाही.

अंदाज आणि पर्याय

मूळ नोंदींवर प्रकल्पाचा भार चढवून पुढचे अंदाज काढतात. हवेसाठी एअरमॉडसारखी संगणकीय प्रतिमाने वापरतात. नेहमीची पळवाट उदाहरणाने स्पष्ट होते. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आज ७० आहे, प्रकल्पाने ५ वाढतील, एकूण ७५, म्हणून परिणाम नगण्य, असा निष्कर्ष निघतो. शेजारी मंजूर झालेले आणखी चार प्रकल्पही प्रत्येकी ५ वाढवणार आहेत, याचा हिशेब कोणाच्याच अहवालात नसतो. ट्रकांची वाहतूक हा तर कायमचा दुबळा भाग आहे. खाणीच्या हद्दीतली धूळ मोजतात आणि बंदरापर्यंतच्या रस्त्यावरची वगळतात.

पर्यायांचे प्रकरण सहसा दोन पानांचे असते. जमीन आधीच घेतलेली असल्याने ‘निवडलेली जागा सर्वांत योग्य आहे’ हेच त्यात लिहिलेले सापडते. जागा, तंत्रज्ञान, क्षमता आणि प्रकल्प न करणे, या चार पर्यायांची एकाच निकषांवर तुलना केलेली असेल, तर अहवाल गांभीर्याने लिहिला आहे असे समजावे.

जनसुनावणी

सुनावणीची जाहीर सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात. आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असते. चित्रीकरण सक्तीचे आहे, गणसंख्येची अट नाही. स्थानिक भाषेत मात्र फक्त सारांश द्यावा लागतो आणि शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत राहतो. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीबद्दल तो अहवाल आहे, त्याला ती पाने वाचता येत नाहीत, हा या प्रक्रियेतला मोठा अन्याय आहे. २०२० च्या प्रस्तावित ईआयए अधिसूचनेच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाला मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत देण्याचा आदेश द्यावा लागला होता.

आणखी एक उणीव कमी बोलली जाते. लोकांसमोर मसुदा येतो आणि समितीसमोर अंतिम अहवाल. दोहोंमध्ये काय बदलले हे गावाला पुन्हा दाखवले जात नाही. आक्षेपांच्या तक्त्यात उत्तराच्या रकान्यात ‘नोंद घेतली’ किंवा ‘नियमांचे पालन केले जाईल’ एवढेच असेल, तर सुनावणीचा काहीच उपयोग झालेला नाही. उपयोग झाला असेल, तर त्या रकान्यात बदललेला नकाशा, हलवलेला डंप (खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग) किंवा वाढवलेले अंतर सापडते. म्हणून आक्षेप लेखी, सर्व्हे नंबर, विहिरीची खोली आणि महिन्यानुसार पाण्याची पातळी देऊन नोंदवल्यास त्याला दोन शब्दांत टोलवणे अवघड जाते.

छाननी

तज्ज्ञ समितीने ६० दिवसांत शिफारस आणि प्राधिकरणाने पुढच्या ४५ दिवसांत निर्णय द्यावा, अशी मुदत आहे. गोव्यातील खाणमंजुरीसंबंधीच्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये ठरवले की, लोकांच्या आक्षेपांवर समितीने विचार केल्याचे तिच्या कारणांतून दिसले पाहिजे. एकाच दिवशी ढीगभर प्रकल्प हातावेगळे करण्यावर आणि खाण कंपन्यांशी संबंध असलेल्या व्यक्तीने समितीचे अध्यक्षपद भूषवण्यावरही न्यायालयाने बोट ठेवले. नेदरलँड्समध्ये अहवाल तपासण्याचे काम एक स्वतंत्र आयोग करतो. निर्णयासाठी आवश्यक माहिती अपुरी असेल तर तसे तो जाहीरपणे सांगतो.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्रात अटी असतात आणि दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला प्रकल्पधारकाने अनुपालन अहवाल द्यायचा असतो. म्हणजे स्वतःची तपासणी तो स्वतःच करतो. ‘पुरेशी काळजी घ्यावी’ ही अट मोडली हे सिद्धच करता येत नाही. ‘अमुक ओढ्यावर, खाणीच्या खालच्या बाजूला, दर महिन्याला गाळ मोजावा आणि ठरावीक आकडा ओलांडल्यास उत्खनन थांबवावे’ ही अट तपासता येते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या ३९ क्रमांकाच्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी २५ टक्के ईआयए अहवाल संदर्भ अटींना धरून नव्हते, आणि २३ टक्के ठरलेल्या रचनेनुसार नव्हते. जनविश्वास कायदा, २०२३ ने पर्यावरण कायद्यातील कैदेची शिक्षा काढून १०,००० ते १५ लाख रुपये दंड ठेवला. मोठ्या प्रकल्पाच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दिल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

मोजमाप

अहवालाची गुणवत्ता तपासण्यासाठी मँचेस्टर विद्यापीठात नॉर्मन ली आणि रेमंड कॉली यांनी बसवलेली पद्धत जगभर वापरतात. चार विभाग (प्रकल्प व परिसराचे वर्णन, परिणामांची ओळख व महत्त्व, पर्याय व उपाय, मांडणी) ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणीत तपासले जातात. दोन परीक्षक आधी स्वतंत्रपणे श्रेणी देतात आणि मग मतभेद मिटवतात. परिणामकारकतेसाठी १९९६ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बॅरी सॅडलर यांनी प्रक्रिया पाळली का, उद्दिष्ट साधले का आणि त्यासाठी वेळ व पैसा किती लागला, असे तीन निकष मांडले.

भारतात यांतला फक्त वेळ सरकारी पातळीवर मोजला जातो. १७ जानेवारी २०२२ च्या आदेशाने राज्य प्राधिकरणांना तारांकित श्रेणी देण्याचे ठरले. ८० दिवसांच्या आत मंजुरी दिल्यास दोन गुण, १०५ दिवसांत एक, त्यापुढे शून्य. किती प्रकल्पांची जागा बदलली, किती अंदाज पाच वर्षांनी खरे ठरले, किती विहिरी आटल्या, याला एकही गुण नाही. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नियामक नेमण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा आदेशही अमलात आलेला नाही.

काम सुरू झाल्यावर दिलेली पश्चात मंजुरी हा याच प्रश्नाचा टोकाचा भाग आहे. २०१७ मध्ये मंत्रालयाने अशा प्रकल्पांसाठी खिडकी उघडली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी ती बेकायदा ठरवली आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. उभ्या राहिलेल्या प्रकल्पाच्या मूल्यांकनात मूळ स्थितीची नोंद घेता येत नाही आणि जागेचा पर्यायही उरत नाही. उरते ती फक्त भरपाईची रक्कम ठरवणे.