मधला अक्ष कापला की पाऊस कुठे जातो?

२७ जुलै २००५ची सकाळ, साडेआठ. सांताक्रूझच्या वेधशाळेत मागच्या २४ तासांच्या पावसाची नोंद झाली ९४४ मिलिमीटर. तिथून वीसेक किलोमीटरवर, मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात नोंद होती ७३ मिलिमीटरची. शहर एक, दिवस एक. आता या पावसाचा आलेख काढायचा आहे.

दोनच आकडे असते तर काही अडलं नसतं. पण महिनाभराचा रोजचा पाऊस दाखवायचा म्हटलं की पंचाईत होते. १ सेंटिमीटर = ५० मिलिमीटर असं प्रमाण घेतलं, तर सांताक्रूझचा तो स्तंभ जवळजवळ १९ सेंटिमीटर उंच जातो, आणि ५ मिलिमीटर पावसाचा साधा दिवस एका मिलिमीटरचा उरतो. पेन्सिलीला नीट टोक नसेल तर रेघेतच बुडून जाईल.

मग सुचतो तो सोपा उपाय: मधला रिकामा भाग कापून टाका. अक्ष ० ते १०० दाखवायचा, दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि पुढे थेट ९०० ते १०००. शाळेत आपण क्ष-अक्षावर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण काढायचो, तिचाच हा भाऊ. फरक इतकाच की तिथे ती निरुपद्रवी असते. वजनांचे वर्ग ४० किलोपासून सुरू झाले म्हणून कुठल्या स्तंभाची उंची बदलत नाही.

य-अक्ष कापला की मात्र उंचीच बदलते. हिशेब करून बघा. कुलाब्याचा स्तंभ ७३ भाग उंच. सांताक्रूझचा खालचे १०० आणि वरचे ४४, म्हणजे १४४ भाग. प्रत्यक्षात जवळपास तेरापट असलेला पाऊस कागदावर दुप्पट दिसतो! तिरक्या रेघा काढल्या आहेत, आकडेही खरे आहेत, पण स्तंभ बघताना डोळा रेघा वाचत नाही, लांबी मोजतो. वरच्या तुकड्याचं प्रमाण खालच्यापेक्षा वेगळं ठेवलं असेल, तर उरलासुरला अर्थही गेला.

कापायचंच असेल तर स्तंभांऐवजी ठिपके वापरावेत. ठिपक्याची लांबी नसते, फक्त जागा असते. दोन तुकडे दोन वेगळ्या चौकटींत ठेवावेत आणि चौकट ओलांडून ठिपके जोडू नयेत, कारण त्या जोडरेषेच्या चढाला काहीच अर्थ नसतो. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथन भाषेत आलेख काढायचं साधन) तुटका अक्ष काढतात तोही असाच: दोन आलेख एकावर एक रचायचे, मधल्या कडा लपवायच्या आणि तिरक्या रेघा हाताने घालायच्या. एक्सेलमध्ये तर अशी थेट सोयच नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

दुसरा मार्ग लॉगरिदमिक अक्षाचा. त्यावर १, १०, १००, १००० या खुणा सारख्या अंतरावर येतात. एक पाऊल म्हणजे दहापट. ग्रहांच्या वस्तुमानांसाठी तो फार छान. पृथ्वी १ धरली तर बुध ०.०५५ आणि गुरू ३१८, तरी आठही ग्रह एका पानावर सुखाने बसतात. पावसाला मात्र तो तितका मानवत नाही. कोरड्या दिवसाचा पाऊस शून्य, आणि शून्याला या अक्षावर जागाच नाही. कितीही खाली गेलात तरी तो येत नाही. शिवाय इथेही स्तंभ फसवतात. अक्ष १ पासून सुरू केला तर सांताक्रूझचा स्तंभ कुलाब्याच्या सुमारे १.६ पट उंच येतो, १० पासून केला तर २.३ पट. पाऊस तोच, फक्त आपण कागद कुठून सुरू केला ते बदललं.

२६ जुलैसाठी मी दोन आलेख काढीन. वरचा ० ते १०००, काहीही न कापता. त्यात बाकीचे दिवस तळाशी चिरडलेले दिसले तर दिसू देत, तो दिवस तसाच होता. त्याच्याखाली त्याच तारखांचा दुसरा, ० ते १००, म्हणजे रोजच्या सरी मोजता येतील. या खालच्या आलेखात २६ तारखेची जागा रिकामी ठेवायची आणि तिथे बारीक अक्षरांत लिहायचं: ‘९४४, वर पाहा’.