तिकडं सुगी, इकडं पेरणी : परदेशातल्या ‘शरदा’ची पार्श्वभूमी

सप्टेंबर सरत आला की परदेशात राहणाऱ्या सोलापूरकरांचे फोटो यायला लागतात. लालभडक मेपल, सफरचंदाच्या बागेत पिशवी घेऊन उभी असलेली पोरं, दारात मांडलेले भोपळे. फोटोखाली कुणी ‘शरद’ लिहितं, कुणी ‘पानगळ’. एकाच ऋतूला हे दोन्ही शब्द लावायचे का, यावर दर वर्षी वाद रंगतो.

पंचांग उघडलं तर शरद बरोबर ठरतो. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ आश्विन २३ सप्टेंबरला येतो, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराला. युरोप-अमेरिकेतला ऑटमही तेव्हाच लागतो. पण पानगळ? आपल्या दख्खनवर झाडं पानं टाकतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. जमिनीतली ओल आटते आणि उरलेलं पाणी वाचवायला झाड मोकळं होतं. तिकडं दिवस लहान होतात, गारठा वाढतो, म्हणून पानं जातात. त्यामुळं अर्थच उलटा होतो. आपल्याकडं उघडंबोडकं झाड ही उन्हाळ्याची वर्दी, तिकडं बर्फाची. लेकीनं फोनवर “आई, इथं पानं गळायला लागली” म्हटलं की सोलापुरातली आई “मग आता ऊन तापंल की गं” असं बोलून जाते, ते याच हिशेबानं.

ऑस्ट्रेलियात तर ऑटम मार्च ते मे. तिथं गुढी उभी राहते तीच पानगळीत. अशा ठिकाणी शरद म्हणायचं म्हणजे चैत्रात शरद आणायचा. माझ्या मते परदेशातल्या या ऋतूला सरळ पानगळ म्हणावं. ‘जीवेम शरदः शतम्’ म्हणणाऱ्यांनी अख्खं आयुष्य ज्या ऋतूनं मोजलं, त्याच्या पोटात गळती नाही. निवळलेलं पाणी आहे, धुतलेलं आभाळ आहे, चांदणं आहे. तो शब्द कोजागरीसाठी राहू द्यावा. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला कोजागरी आणि तिकडचा ‘हार्वेस्ट मून’, म्हणजे सुगीच्या दिवसांतली पौर्णिमा, एकाच रात्री आले. त्या एका रात्रीपुरते दोन्ही शब्द जुळले असं म्हणता येईल.

खाण्यात हा गुंता आणखी खोल जातो. उत्तर गोलार्धात ऑटम म्हणजे सुगी. भोपळे, सफरचंदं, मका घरात येतात. सोलापूर जिल्ह्यात मात्र त्याच आठवड्यांत काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी पावसाळ्यानं मागं ठेवलेल्या ओलीवरच येते. तिकडं गेलेल्या माणसाला थंडी जाणवताच हुरडा आठवतो. पण तेव्हा गावाकडच्या शेतातही कणीस नसतं. हुरडा डिसेंबर-जानेवारीचा.

२००० च्या आसपास संगणकाच्या कामानं गेलेल्या पिढीच्या बॅगेत म्हणूनच ऋतूचं काही नव्हतं, टिकणारं होतं : कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पुढं ग्लुटेन नसलेल्या पिठांना मागणी आली आणि ज्वारीचं पीठ तिथल्या साध्या दुकानांत दिसू लागलं. अमेरिकेतल्या कॅन्सससारख्या राज्यात ज्वारी पूर्वीपासून भरपूर पिकते, पण मुख्यतः जनावरांसाठी आणि इथेनॉलसाठी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष ठरल्यावर भाकरीकडं बघायची नजरही बदलली.

खरी मजा आणली भोपळ्यानं. बटरनट भोपळा किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढी कणीक मळायची, घारगे तळायचे. त्याच भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजून वर दह्यात कालवलेली शेंगा चटणी घातली, की लाल तेलाचा ओघळ फोडीच्या खाचेत उतरतो. यात उसनं काही नाही. लाल भोपळा आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडं ते नंतर आले आणि सोलापूरनं शेंगा उखळात घातल्या.

घर सोडून गेल्यावर हा ऋतू कसा सांभाळायचा, हे सोलापूरला जुनंच आहे. इथली पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मागावर काम करायला आलेली तेलुगू कुटुंबं बतुकम्मा हा फुलांचा सण सोबत घेऊन आली. शहराच्या पूर्व भागात भाद्रपद अमावास्येपासून आजही तरवडाच्या पिवळ्या फुलांचे थर ताटात रचले जातात. त्याच घरांतल्या मुली आता अमेरिकेत आहेत. तिथं तरवड मिळत नाही, पण पानगळीत दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या लागतात. ताटात आता ती शेवंती रचली जाते.