संत एडन

संत एडन (मृत्यू ३१ ऑगस्ट ६५१) : उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया राज्यात ख्रिस्ती धर्म रुजवणारा आयरिश मठवासी व लिंडिसफार्नचा पहिला बिशप. अँग्लो-सॅक्सनांच्या धर्मांतराचे श्रेय सहसा ५९७ मध्ये रोमहून दक्षिणेकडील केंटला आलेल्या धर्मप्रचारक ऑगस्टीनला दिले जाते. उत्तरेत मात्र रोमच्या परंपरेतील पॉलिनसने मांडलेला डाव एडविन राजा ६३३ मध्ये लढाईत पडताच मोडला होता.

त्यानंतर लवकरच राजा झालेला ऑस्वाल्ड परागंदा असताना आयरिश लोकांत राहून ख्रिस्ती झाला होता. त्याने स्कॉटलंडच्या आयोना बेटावरील मठाकडे धर्मोपदेशक मागितला. पहिला आलेला बिशप फार कडक होता. लोक हट्टी आहेत, ऐकत नाहीत, अशी तक्रार घेऊन तो परतला. मठाच्या सभेत एडनने त्याला सुनावले, की अजाण लोकांना आधी दूध द्यावे, जड अन्न मागाहून. मग एडनचीच रवानगी झाली (६३५).

बांबर्गच्या राजगढीजवळचे, ओहोटीला किनाऱ्याशी जोडले जाणारे लिंडिसफार्न बेट त्याने मठासाठी निवडले. त्याला इंग्रजी नीट येत नसे, म्हणून सुरुवातीला खुद्द राजा सरदारांपुढे दुभाष्याचे काम करी. एडन पायीच हिंडे, वाटेत भेटेल त्याच्याशी बोले. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशातून तो गुलाम सोडवी आणि त्यांतील अनेकांना शिकवून धर्मगुरू करी. स्थानिक मुलेही त्याने मठात तयार केली. धर्म टिकला तो बहुधा यामुळेच.

डेइराचा (नॉर्थम्ब्रियाचा दक्षिण भाग) राजा ऑस्विन याने दिलेला उमदा, सजवलेला घोडा एडनने पहिल्याच भिकाऱ्याला देऊन टाकला. राजा रागावला, तेव्हा एडनने विचारले, ‘त्या घोडीचे पोर तुला देवाच्या लेकरापेक्षा प्रिय आहे का?’ राजाने तलवार काढून ठेवली आणि त्याचे पाय धरले. पुढे ६५१ मध्ये ऑस्विनचा खून झाला व बाराव्या दिवशी एडनही बांबर्गजवळ चर्चच्या लाकडी टेकूला रेलून वारला.

या कथा बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराच्या ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासात आहेत. ईस्टरची तारीख काढण्याची एडनची आयरिश पद्धत बीडला साफ नामंजूर होती, तरी माणसाची स्तुती करताना त्याने हात आखडता घेतलेला नाही. त्याच वादात ६६४ मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेने रोमचा पक्ष उचलला. तेव्हाचा बिशप कोलमन एडनच्या काही अस्थी घेऊन लिंडिसफार्न सोडून गेला.