इंकजेट प्रिंटरमधील बिघाड : शोध व दुरुस्ती

शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकून अक्षरे व चित्रे उमटवणाऱ्या घरगुती प्रिंटरमध्ये दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधून तो दूर करण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात असा प्रिंटर शिक्षकाच्या घरी, शाळकरी मुलांच्या प्रकल्पवह्यांसाठी किंवा ओसरीवरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात सातबारा व पीक विम्याच्या अर्जांसाठी वापरला जातो. छपाई चालू असताना त्याला साधारणपणे १० ते २० वॉट एवढीच वीज लागते, म्हणून लाईन गेली तरी तो घरातल्या लहान इन्व्हर्टरवर चालतो. लेझर प्रिंटर मात्र तापताना शेकडो वॉट ओढतो. या सोयीमुळे भारनियमनाच्या गावांत इंकजेटच अधिक पसंत केला जातो. परंतु याच गावांत तो वारंवार अडतो, आणि त्याला यंत्राच्या मूळ दोषापेक्षा कोरडी हवा, धूळ आणि अवेळी जाणारी वीज ही तीन कारणे अधिक जबाबदार असतात.

रचना : प्रिंटरचे मर्म त्याच्या हेडमध्ये असते. हेडच्या तळाशी केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. ‘औष्णिक’ पद्धतीत छिद्रामागील सूक्ष्म तापक क्षणार्धात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एचपी कंपनीचा १९८४ मधील ‘थिंकजेट’ याच तत्त्वावर चालत असे आणि कॅननचे प्रिंटरही याच पद्धतीचे आहेत. एप्सनच्या प्रिंटरमध्ये ‘दाबविद्युत’ पद्धत असते. तीत विद्युत्‌दाब दिल्यावर स्फटिक किंचित वाकतो आणि शाई ढकलली जाते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. औष्णिक हेडला शाईच थंड ठेवते, त्यामुळे शाई संपल्यावरही छपाई रेटल्यास हेड जळते. दाबविद्युत हेड तसे जळत नाही, पण शाईत हवा शिरली तर सगळा दाब त्या हवेतच जिरतो आणि थेंब बाहेर पडत नाही. ज्या कार्ट्रिजवर, म्हणजे शाईच्या बदलता येणाऱ्या डबीवर, हेड बसवलेलेच असते तेथे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. एप्सनच्या टाकीवाल्या घरगुती प्रिंटरमध्ये हेड कायमचे असते व ते बदलण्याचा खर्च प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून आपल्या प्रिंटरचे हेड कोणत्या प्रकारचे आहे, हे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी माहीत असले पाहिजे.

वाळलेले हेड : विदर्भातील सर्वाधिक तक्रारी या एकाच कारणाशी येऊन थांबतात. काम संपल्यावर हेड उजव्या टोकाला जाऊन एका रबरी टोपीवर बसते आणि छिद्रे हवेपासून झाकली जातात. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच ही क्रिया नीट पूर्ण होते. भिंतीवरचे बटण दाबून तो बंद केला, किंवा पान अर्धे छापले असतानाच लाईन गेली, तर हेड वाटेतच उघडे राहते. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तर बहुतेक प्रिंटर १० ते ३५ अंशांच्या तापमानासाठी बनवलेले असतात. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी उघडे राहिलेले हेड पाहता पाहता वाळू लागते. त्यातच विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे घरचा प्रिंटर नेमका भर उन्हाळ्यात कित्येक आठवडे बंद पडून असतो. यावरील उपाय सोपा असूनही तो फार थोड्या घरांत पाळला जातो, याचे वाईट वाटते. लाईन आली की प्रिंटर एकदा चालू करावा, हेड उजवीकडे जाऊन स्थिर होऊ द्यावे आणि मग तो त्याच्या बटणानेच बंद करावा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेले एक पान छापावे.

दोषाचे स्थान ठरवणे : काहीही उघडण्याआधी दोष संगणकाकडे आहे की प्रिंटरमध्ये, हे ठरवावे. प्रिंटरला स्कॅनर असेल तर काचेवर एखादा छापील कागद ठेवून संगणकाशिवाय त्याची झेरॉक्स काढून पाहावी. ती स्वच्छ आली तर हेड, शाई व कागद ओढणारी यंत्रणा ठीक आहे असे समजावे. मग दोष केबलमध्ये, अडकून पडलेल्या छपाईच्या रांगेत किंवा संगणकावर चुकीचा प्रिंटर निवडण्यात असतो. यूएसबी केबल दुसऱ्या खाचेत लावल्यावर संगणकाच्या यादीत त्याच प्रिंटरची दुसरी नोंद तयार होते, आणि कामे जुन्या, आता जोडलेल्या नसलेल्या नोंदीकडे जात राहतात. बिनतारी जोडणीत राउटर किंवा त्याचा पासवर्ड बदलला असेल तर प्रिंटरची जोडणी पुन्हा करावी लागते. अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

झेरॉक्सही खराब आली तर छिद्रतपासणीचे पान छापावे. ही सोय जवळपास प्रत्येक प्रिंटरमध्ये असते. या पानावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची पायऱ्यांसारखी जाळी उमटते आणि जेथे रेषा तुटते तेथले छिद्र काम करत नाही. लागोपाठ दोन पाने छापून शेजारी ठेवावीत. रेषा दोन्ही पानांवर एकाच जागी तुटली असेल तर छिद्र वाळलेल्या शाईने बुजलेले आहे. तुटीची जागा प्रत्येक वेळी बदलत असेल तर नळीत हवा शिरली आहे किंवा शाई पुरेशी पोहोचत नाही. एक रंग मुळीच उमटला नाही तर त्या रंगाची टाकी, झडप आणि कार्ट्रिजवरील चिकटपट्टी आधी पाहावी. दुरुस्तीतील निम्मे शहाणपण या एका पानाच्या वाचनात आहे.

त्यानंतर प्रिंटरमधील स्वच्छतेची आज्ञा द्यावी, पण तीनहून अधिक वेळा नाही. प्रत्येक स्वच्छतेत पंप बरीच शाई ओढून टाकाऊ शाई शोषून घेणाऱ्या, प्रिंटरच्या तळातील गादीत सोडतो. फरक पडला नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा. टोपीखाली शाईचा ओलावा पोहोचून वाळलेला थर मऊ होतो आणि सकाळी अनेकदा छिद्रे आपोआप मोकळी होतात. एवढ्यानेही जमले नाही तर मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाची घडी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करावी. कार्ट्रिजवरचे हेड त्या घडीवर मिनिटभर अलगद टेकवावे. हेड कायमचे असेल तर घडी टोपीच्या जागी ठेवून हेड तिच्यावर आणावे. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकले जाते, पण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही मिळते, तेव्हा बाटली वाचून घ्यावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कदापि वापरू नये. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात तर या पाण्यातील क्षार छिद्रांतच बसतील. घरात सरकी काढलेला कापूस हाताशी असतो, तोही टाळावा, कारण त्याचे तंतू छिद्रांत गुंततात.

पंप चालतो की नाही हे पाहण्यासाठी हेड बाजूला सरकवून टोपीत डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब टाकावेत आणि स्वच्छता चालवावी. पाणी शोषले गेले नाही तर दोष हेडचा नसून टोपीचा किंवा पंपाचा आहे.

कागद व धूळ : डेझर्ट कूलरसमोर ठेवलेला प्रिंटर उन्हाळ्यात एकदम दोन-तीन कागद ओढतो, कारण कूलरच्या दमट हवेने कागद सुटसुटीत राहत नाहीत. पावसाळ्यात तेच घडते. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा व लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घालावेत. कागद मुळीच ओढला जात नसेल तर रबरी रूळावर कागदाची भुकटी किंवा शेतातली काळी माती बसलेली असते, ती ओलसर कापडाने पुसली की पकड परत येते. मागचा ट्रे उघडा असल्याने त्यात तुरीचा दाणा, पेनाचे टोपण, क्वचित झुरळही सापडते. अडकलेला कागद प्रिंटर बंद करून दोन्ही हातांनी हळू, शक्यतो त्याच्या पुढे सरकण्याच्या दिशेने ओढावा. हेडच्या वाटेवर ताणून बसवलेली पारदर्शक पट्टी शाईने माखली की हेडला आपली जागा समजत नाही आणि ते कडेला आदळते. ही पट्टी किंचित ओलसर कापडाने, न ओढता पुसावी.

टाकाऊ शाईची गादी भरल्याची नोंद प्रिंटर स्वतः ठेवतो आणि एका मर्यादेनंतर छपाई थांबवतो. महाजालावर ही नोंद पुसणारे फुकट प्रोग्राम मिळतात. त्यांच्यासोबत विषाणू येण्याचा धोका असतो, आणि गादी न बदलता फक्त नोंद पुसली तर शाई खालून पाझरून टेबलावर येते. गादी बदलणे हे जाणकाराचे काम आहे. काही मॉडेलमध्ये मात्र ती डब्याच्या रूपात असते व घरी बदलता येते.

वीज व वाहतूक : मॉन्सूनपूर्व वादळात प्रिंटर बटणाने बंद करून प्लग काढून ठेवावा. टाकीवाला प्रिंटर दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी न्यायचा असेल तर झडप किंवा कुलूप असल्यास ते बंद करावे, टाक्यांची झाकणे घट्ट लावावीत आणि प्रिंटर आडवा, सपाट ठेवून न्यावा. मोटारसायकलवर मांडीत तिरपा धरून नेलेल्या प्रिंटरमध्ये शाई सांडते आणि नळ्यांत हवा शिरते. मग दुकानात पोहोचेपर्यंत मूळ दोषाला दुसरा जोडला जातो.