नंबर लपलाय की मेसेज? आमच्या कमिटीचा घोळ

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मागे एका कमिटी मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे सगळं बाहेर जातं, टेलिग्राम एकदम सेफ." सेफ म्हणजे नक्की काय हे कोणीच विचारलं नाही, चहा आला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी कमिटीचा ग्रुप तिकडे शिफ्ट.

नंतर कळलं की काकांच्या डोक्यात सेफ म्हणजे "माझा नंबर कोणाला दिसत नाही", आणि माझ्या डोक्यात सेफ म्हणजे "माझा मेसेज तिसरा कोणी वाचत नाही". या दोन साफ वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दहातले नऊ जण त्या एकच धरून चालतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून ग्रुपसकट सगळ्या पर्सनल चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आपोआप असतं. मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूप लागून निघतो आणि ग्रुपमधल्यांच्या फोनवरच उघडतो, मधे कंपनीच्या सर्व्हरवर नुसतं गिचमिड जातं. कोण कोणाशी कधी बोललं हे कंपनीला कळतं, काय बोललं ते नाही. पण ग्रुपमध्ये अ‍ॅड झालात की तुमचा नंबर सगळ्यांसमोर उघडा, आणि ग्रुपमधला कोण कसा हे देव जाणे.

टेलिग्रामवर बरोबर उलटं. सेटिंगमधून नंबर लपवता येतो, नुसत्या यूजरनेमवर काम चालतं. मात्र ग्रुपमधला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन तिथेच राहतो, कुलूप असतं पण त्याची किल्ली कंपनीकडेही असते. नवीन फोन घेऊन लॉगिन केलं की दोन वर्षांपूर्वीचे फोटोसुद्धा क्षणात समोर येतात ना, ते तिथूनच येतात. खरं एंड-टू-एंड तिथे फक्त सीक्रेट चॅटमध्ये, ते दोघांतच होतं, मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ज्या फोनवर सुरू केलं तिथेच राहतं. ग्रुपसाठी ती सोयच नाही. शिवाय नंबर शेजाऱ्यांपासून लपतो, कंपनीपासून नाही, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तर टेलिग्रामने सांगूनच टाकलं की नियम मोडणाऱ्यांचे नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) कायदेशीर मागणी आली तर सरकारी यंत्रणांना देऊ.

आमचा घोळ पुढेच झाला. इलेक्शननंतर कमिटीत एक नवीन मेंबर आले, मीच त्यांना टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतलं. नवीन माणसाला जुनं चॅट दिसू द्यायचं की नाही याची एक सेटिंग असते, ती आमच्या ग्रुपवर "दिसू दे" अशी होती आणि अ‍ॅडमिन मी. त्यांनी निवांत वर वर स्क्रोल केलं आणि सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच बाथरूमच्या गळतीवरून त्यांना काय काय म्हटलं होतं ते सगळं वाचलं. "हा माणूस बिल भरणार नाही, नुसता वाद घालणार" हे वाक्य माझंच होतं. नंतर लिफ्टमध्ये भेटले तर नुसतं "वाचलं हं" म्हणाले. मी सहाव्या मजल्यावर जायचं तर चौथ्यालाच उतरलो.

पण म्हणून टेलिग्राम टाकाऊ असंही नाही. गायमुख घाटात ट्रक बंद पडला, कापूरबावडीला ट्रॅफिक तुंबलंय, आज टँकर येणार की नाही, असल्या गोष्टींना एन्क्रिप्शन घेऊन काय करायचंय, त्या जितक्या लोकांना कळतील तितक्या बऱ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला १०२४ ची मर्यादा, टेलिग्रामवर २ लाख माणसं मावतात. आणि अशा अनोळखी गर्दीत नंबर लपणं हीच मोठी गोष्ट, बायकांना विचारा, ट्रॅफिकच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न टाकला की रात्री अनोळखी नंबरवरून "हाय" येतं. (तरी आपल्या गेटवरच्या वहीत येणारा जाणारा प्रत्येकजण स्वतःचा नंबर पेनाने लिहून जातो आणि ती वही कोणीही चाळतं, ते वेगळंच.) व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी (बरेच ग्रुप एकत्र बांधायची सोय) केली तर तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये बाकीच्या मेंबरांना तुमचा नंबर दिसत नाही, पण आमच्याकडे ती करायला वेळ आहे कोणाला.

दोन्ही हवं असेल तर सिग्नल नावाचं अ‍ॅप आहे, मेसेज कुलूपबंद आणि २०२४ पासून नंबरही लपतो. अडचण एवढीच की तिथे कोणी येत नाही. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीवरून बोंब झाली तेव्हा आमच्या अख्ख्या सोसायटीने सिग्नल टाकलं होतं, पंधरा दिवसांत मी आणि बी विंगमधला एक कॉलेजचा मुलगा, दोघंच उरलो.

आता कमिटी परत व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. चॅट कुलूपबंद असलं तरी गुगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला आपोआप तसं कुलूप लागत नाही, २०२१ पासून ती सोय आहे पण वेगळी चालू करावी लागते, ती मी सगळ्यांचे फोन मागून घेऊन चालू केली. काकांचा फोन हातात घेतला तर थकबाकीदारांच्या यादीचा स्क्रीनशॉट त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला.