खुशामत (ग्रामीण विदर्भ)

खुशामत : सत्ता, पद किंवा पैसा हाती असलेल्याची स्वार्थापोटी केलेली खोटी स्तुती. हांजी हांजी, तोंडपुजेपणा, लाळघोटेपणा, चमचेगिरी हे शब्द सर्वत्र चालतात; विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे चापलूसी व चाटुगिरी यांची भर पडते.

‘चाटुगिरी’चे मूळ संस्कृत ‘चाटु’ (गोड बोलणे), ‘चाटणे’ हे क्रियापद किंवा स्वयंपाकघरातला लाकडी चाटू, यांपैकी कशातही शोधता येते. ‘चमचा’च्या जोडीने चाटूचा मोह होतो खरा, पण संस्कृत मूळच अधिक ग्राह्य वाटते. भर्तृहरीच्या नीतिशतकात (बहुधा इ. स. ५ वे ते ७ वे शतक) ‘चाटु’ आणि ‘लांगूलचालन’ (शेपूट हलवणे) एकाच श्लोकात येतात. तुकडा टाकणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, पोट दाखवतो; हत्ती मात्र शंभर आर्जवे करून घेऊन मग जेवतो. म्हणजे तिथे चाटुवचने खाऊ घालणाराच बोलतो! मराठीत रुळले ते कुत्र्याचे शेपूट, आणि वृत्तपत्रांत तेही आता बहुधा एखाद्या समाजगटाच्या अनुनयासाठी वापरले जाते.

नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजाराच्या (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदाराच्या) एकाच वाड्यावर आर्जव चाले. रयतवारी (शेतकरी थेट सरकारला सारा भरी अशा) वऱ्हाडात ते पाटील, देशमुख, सावकार यांत वाटले जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि उंबरठे वाढले.

मुरलेला माणूस स्तुती आणि अर्ज एकाच भेटीत आणत नाही. आधी चार-दोनदा गावच्या पुढाऱ्याला, म्हणजे भाऊंना, नुसते ‘हाव भाऊ’ (हो भाऊ). तारीफही तोंडावर नाही, भाऊंच्या ड्रायव्हरजवळ; ती संध्याकाळपर्यंत पोचते. मग विहिरीचा किंवा घरकुलाचा विषय निघतो. बरीच खुशामत पत्ता चुकल्याने वाया जाते : फेरफाराची (जमिनीच्या हक्कातील बदलाची) नोंद तलाठी घेतो, पण ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी, लोक मात्र तलाठ्यालाच चहा पाजत बसतात.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध भाऊ, वर श्रेष्ठींचे गोल फोटो, खाली ‘शुभेच्छुक’ मुंडक्यांची रांग. घोळ होतो तो वरच्या रांगेत. एखादा श्रेष्ठी राहिला किंवा क्रम चुकला की भाऊंनाच वरून ऐकावे लागते, आणि खर्च करणाऱ्याच्या पदरी नाराजी येते. पक्षांतरानंतर न उतरवलेला फ्लेक्सही असाच अंगाशी येतो.

पोळ्याला तोरणाखाली झडत्या (चढाओढीने म्हणायची पदे) म्हणताना पाटलापासून सरकारपर्यंत सगळ्यांना उघड टोमणे बसतात. मानाची जोडी मात्र तेव्हाही पाटलाचीच पुढे असते.